रूपांतर, गळती आणि ‘दोष’ नावाचे कलम

साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात संगणकावरील दोन लेखनपद्धतींविषयी लिहावे, हे काही वाचकांना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. तो आक्षेप गृहीत धरूनच हे टिपण लिहीत आहे. एका रूपातील संहिता दुसऱ्या रूपात नेताना काय टिकते, काय गळते आणि गळलेल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न समीक्षेचाच आहे. तो मला गेल्या काही महिन्यांत ग्रंथांपेक्षा एका क्षुल्लक वाटणाऱ्या तांत्रिक कामातून अधिक स्पष्टपणे कळला.

कोल्हापुरात ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवले, तेथे आमच्या विभागातील बाई आणि मी मिळून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी समीक्षा-संज्ञांचा एक लहान कोश तयार केला होता. दीडशेच्या आसपास नोंदी. हा कोश छापला नाही. विभागातील एका संगणकावर विकी पद्धतीने ठेवला. कोणत्याही नोंदीत दोघांपैकी कोणीही दुरुस्ती करावी, विद्यार्थ्यांनी शंका लिहाव्यात, अशी व्यवस्था होती. बाई २०२१ साली गेल्या. मी त्यापूर्वीच निवृत्त झालो होतो. पुढे तो संगणक बंद करायचे ठरले, तेव्हा कोश वाचवायचा कसा, हा प्रश्न आला.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने सुचवलेला मार्ग मला प्रथम विचित्र वाटला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि त्याच्या भागातील दूरसंपर्क तुटला होता. त्या दिवसांत आंतरजालावरचे काहीच उघडत नव्हते. मात्र त्याच्या संगणकाच्या पोटात असलेली युनिक्स पद्धतीची ‘मॅन पाने’, म्हणजे मॅन्युअलची पाने, एका शब्दाच्या आज्ञेवर उघडत होती. “सर, आपला कोश तसा करू या,” तो म्हणाला. “साध्या मजकुराच्या फायली. जाळे नको, सेवा देणारे यंत्र नको. ‘मॅन लय’ असे लिहिले की लयीची नोंद पुढ्यात.” मी होकार दिला. मजकूर तोच राहणार, केवळ वेष्टन बदलणार, अशी माझी समजूत होती.

या दोन लेखनपद्धतींचा थोडा परिचय येथे आवश्यक आहे. विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी प्रत्यक्षात आणली. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील भाषेतला शब्द, अर्थ ‘चटकन’. त्या मार्गाने पुढे २००१ साली विकिपीडिया आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. विकीच्या लेखनात संकेत अगदी मोजके असतात. ओळीच्या दोन्ही टोकांना बरोबरीची दोन-दोन चिन्हे दिली की ती मथळा होते. शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की दुवा होतो. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन अपॉस्ट्रॉफी दिल्या की तो ठळक दिसतो. तथापि विकीचे खरे वैशिष्ट्य या चिन्हांत नाही. प्रत्येक पानामागे ‘चर्चा’ नावाचे दुसरे पान असते आणि ‘इतिहास पहा’ या शब्दांमागे त्या पानाच्या साऱ्या पूर्वावस्था असतात. विकीतील नोंद ही सिद्ध संहिता नसते. ती चालू असलेल्या वादाची त्या क्षणीची अवस्था असते.

मॅन पानाचे घराणे वेगळे आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. आपल्यासारख्यांना विशेष वाटावी अशी गोष्ट ही की, या मंडळींना नवे यंत्र मिळाले तेच मुळी लेखनाच्या कामाचे आश्वासन देऊन. बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील अर्जांची टंकने हा त्या यंत्राचा पहिला व्यावहारिक उपयोग होता. मॅन पानाचा घाट पहिल्यापासून ठरलेला आहे : नाव, वापराची रूपरेषा, वर्णन, संबंधित फायली, ‘हेही पाहा’ आणि शेवटाकडे ‘बग्ज’, म्हणजे दोष. पहिल्या आवृत्तीत याच्याही पुढे ‘ओनर’, म्हणजे मालक, असे एक कलम होते आणि त्यात ते काम ज्याचे, त्याचे छोटे नाव दिलेले असे. मजकुराची मांडणी करणाऱ्या आज्ञाही मजकुरातच लिहिल्या जातात. ओळीचे पहिले चिन्ह टिंब असेल तर ती ओळ वाचकासाठी नाही, यंत्रासाठी आहे असे समजायचे.

एकीकडे न संपणारी चर्चा, दुसरीकडे बंदिस्त कलमे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करून देणाऱ्या सोयी आंतरजालावर उपलब्ध आहेत. एका चौकटीत विकीचा मजकूर चिकटवायचा. दुसऱ्या चौकटीत मॅन पान तयार मिळते. या सोयींच्या मुळाशी एक सिद्धांत असतो, तो असा की, मजकुराला चिन्हांपासून अलग करता येणारी रचना असते. मथळा म्हणजे मथळा; तो बरोबरीच्या चिन्हांनी दाखवा किंवा टिंबापुढच्या अक्षरांनी. ‘पॅनडॉक’ या प्रसिद्ध रूपांतरकात, जो जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये प्रथम सिद्ध केला, मूळ मजकुरापासून आधी एक अमूर्त वृक्ष तयार होतो आणि त्या वृक्षावरून हवे ते रूप लिहिले जाते.

नवसमीक्षेच्या प्रभावकाळात शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचणे अवघड होते. आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत हा आमच्या पिढीचा जवळजवळ धर्मच. ते अद्वैत खरे असेल तर हे रूपांतर अशक्य. आणि रूपांतर तर रोज होते. रोमन याकोबसन यांनी १९५९ मध्ये भाषांतराचे तीन प्रकार सांगितले : एकाच भाषेतल्या भाषेत, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका चिन्हव्यवस्थेतून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत. आमच्या कामात भाषा तीच, शब्द तेच, लिपीही तीच. बदलले ते केवळ संकेत. म्हणजे हा तिन्हींपैकी कोणताच प्रकार नाही असे मला वाटले होते. हे वाटणे किती चुकीचे होते, ते पहिल्याच आठवड्यात कळले.

प्रथम कळले ते हे की, रूपांतरात मजकूर केवळ उतरत नाही. त्यात भर घालावी लागते. मॅन पानाचे पहिले कलम ‘नाव’. त्यात संज्ञा, मग एक आडवी रेघ आणि एका ओळीत तिचा अर्थ, हे अनिवार्य. कारण शोध घेणारी आज्ञा त्या एका ओळीवरच चालते. आमच्या विकीत अशी ओळ कोठेही नव्हती. ‘लय’ या नोंदीत मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल होते, संगीतातील लयीशी तुलना होती, उदाहरणे होती. पण ‘लय म्हणजे अमुक’ असे एका दमात सांगणारे वाक्य आम्ही हेतुतः टाळले होते. आता ते लिहिणे भाग पडले. पानाला विभागाचा क्रमांकही द्यावा लागतो. पहिला आज्ञांचा, पाचवा फायलींच्या घडणीचा, सहावा खेळांचा, सातवा संकीर्णाचा. समीक्षेच्या संज्ञा कोठे घालाव्यात? “सहा की सात, सर?” विद्यार्थ्याने गंभीरपणे विचारले. आम्ही सात निवडला. पण सहाचा मोह मला झाला नाही असे नाही.

मोडीचे बाळबोधीत लिप्यंतर करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारातील मोडी रुमाल वाचायला बसलेल्या अभ्यासकासमोर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेली, शब्दांत अंतर न सोडता वाहत जाणारी ओळ असते. बाळबोधीत ती लिहिताना शब्द कोठे तोडायचा, इकार कोणता द्यायचा, हे त्यालाच ठरवावे लागते. मूळ लेखनाला ज्याची गरज नव्हती तो निर्णय नवे रूप मागते. तेव्हा लिप्यंतर हेही अर्थनिर्णयनच ठरते. ते नम्र वेष घालून येते इतकेच.

दुसरा अनुभव गळतीचा. पहिली चाळीसेक पाने तयार झाली, तेव्हा ती वाचताना मला अस्वस्थ वाटू लागले. नोंदी माझ्याच होत्या, वाक्ये ओळखीची होती, पण स्वर बदलला होता. सर्व नोंदी कमालीच्या निश्चयी झाल्या होत्या. जणू आम्हाला कधी शंकाच आली नव्हती. मूळ पाने समोर ठेवून ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. बाईंची एक सवय होती. नोंदीच्या शेवटी त्या स्वतःची मर्यादा किंवा अपवाद नव्या परिच्छेदात लिहीत आणि त्याचा आरंभ ठळक केलेल्या ‘मात्र’ या शब्दाने करीत. असे ‘मात्र’ने आरंभ होणारे सारे परिच्छेद नव्या पानांतून नाहीसे झाले होते.

कारण अगदी साधे निघाले. विकीत तीन अपॉस्ट्रॉफी म्हणजे ठळकपणाची खूण. मॅन पानाच्या व्यवस्थेत ओळीच्या आरंभी आलेली अपॉस्ट्रॉफी ही टिंबाप्रमाणेच आज्ञेची खूण आहे. आम्ही वापरलेल्या रूपांतरकाने ओळीच्या मध्ये आलेले ठळक शब्द नीट बदलले, पण ओळीच्या आरंभीचे तसेच सोडले. त्यामुळे यंत्राने ‘मात्र’पासूनचा सबंध परिच्छेद वाचकासाठी नसून स्वतःसाठी असलेली आज्ञा मानली. ती त्याला अपरिचित होती. आणि अपरिचित आज्ञा युनिक्सचे हे मांडणीयंत्र सहसा तक्रार न करता सोडून देते. त्यामुळे कागदावर डाग पडला नाही की मोकळी जागाही राहिली नाही. अशाच रीतीने तीन टिंबांनी सुरू होणारी काही अवतरणेही गेली होती. मधूनच उचललेले अवतरण आहे हे प्रामाणिकपणे दाखवणारी टिंबेच त्या अवतरणांच्या मुळावर आली.

एका व्यवस्थेत जी खूण ‘याकडे लक्ष द्या’ असे सांगते, तीच दुसऱ्या व्यवस्थेत ‘हे वाचकाला दाखवू नका’ असे सांगते. चिन्हाचा अर्थ व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरतो, हे सोस्यूरच्या आधाराने मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या अर्थबदलाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मी कधी सांगितले नव्हते. या प्रकरणात ती बाईंना मोजावी लागली होती. त्यांनी जे ठळक केले तेच गळाले आणि मी जे सपाटपणे लिहिले ते सुखरूप पोहोचले.

तांत्रिक दोष दुरुस्त झाला. विद्यार्थ्याने दुसरा रूपांतरक वापरला, ‘मात्र’ परत आले. पण त्यामुळे मनात सुरू झालेला प्रश्न थांबला नाही. आणि त्याचे उत्तर शोधताना मी आपल्या वाङ्मयाच्या अगदी आरंभाशी जाऊन पोहोचलो.

म्हाइंभटांचे लीळाचरित्र आणि केसोबासांचे सूत्रपाठ व दृष्टांतपाठ यांचा संबंध आपण सहसा ग्रंथकर्तृत्वाच्या अंगाने पाहतो. तो रूपांतराच्या अंगाने पाहण्याजोगा आहे. लीळाचरित्रात चक्रधरांचे वचन प्रसंगात येते : गाव कोणते, समोर कोण होते, कोणी काय विचारले, मग स्वामी काय म्हणाले. केसोबासांनी ही वचने प्रसंगांतून सोडवून सूत्रांत मांडली. दृष्टांतपाठात तर कलमेच ठरलेली आहेत : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. एकशे चौदा दृष्टांत याच घाटात बसवलेले आहेत. पाठांतराला, उपदेशाला आणि शोधाला हे रूप सोयीचे, यात शंका नाही. पण प्रसंगातून सुटलेले वचन बोलके राहिले तरी कोणाशी बोलले गेले ते सांगेनासे होते. म्हणूनच पुढे कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ लिहिण्याची गरज महानुभावांना भासली. जे रूपांतरात गाळले, ते टीकेच्या रूपाने परत आणावे लागले.

म्हाइंभटांची परंपरा या बाबतीत अधिकच उद्बोधक आहे. एकाच लीळेविषयी निरनिराळ्या व्यक्तींच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर भिन्न स्मरणे ‘वासना’ म्हणून नोंदलेली आढळतात. एकच निर्दोष पाठ करून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. तसे केले गेले नाही. आजच्या परिभाषेत बोलायचे तर त्या संहितेने आपले ‘चर्चा’ पान पोटातच वागवले.

हे ध्यानात आल्यावर मला आमच्या कामातील दुसरी आणि अधिक मोठी गळती दिसली. तिला यंत्र कारण नव्हते. आम्ही रूपांतरासाठी नोंदींची पाने घेतली होती; चर्चेची पाने घेण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. मॅन पानात चर्चेला जागाच नाही. कोणताही रूपांतरक कितीही निर्दोष असला तरी ज्याला घरच नाही त्याला तो कोठे ठेवणार?

मी ती चर्चापाने उघडली. ‘लय’ या नोंदीमागे बाईंचा आणि माझा जुना वाद होता. लय हे कलाकृतीचे अंगभूत तत्त्व आहे असे मी लिहिले होते. बाईंचा आक्षेप असा की, हे लक्षण छापील कवितेवरून बांधलेले आहे. जात्यावरच्या ओवीची लय हात, खुंटा आणि दगड यांच्या फेऱ्यातून येते, ती केवळ शब्दांच्या संहितेत शोधली तर सापडणार नाही. हा अपवाद आहे, नियम नव्हे, असे मी उत्तर दिले होते. त्याखाली बाईंनी लिहिले होते की, ज्या अपवादावर अर्ध्या समाजाची कविता उभी आहे त्याला अपवाद म्हणू नये. पुढे माझे उत्तर नव्हते. मी ते वाचले होते की नाही, तेही आज मला आठवत नाही. इतिहासाच्या पानावर तारीख मार्च २०२१ ची आहे. त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या.

कोश जसा रूपांतरित झाला होता तसा ठेवला असता, तर त्या वादात शेवटचा शब्द माझा ठरला असता. आणि तो युक्तिवादाच्या बळावर नव्हे, तर मॅन पानाच्या घाटात माझ्या विधानाला जागा होती आणि बाईंच्या हरकतीला नव्हती म्हणून. वाङ्मयेतिहासात असे किती निकाल लागले असतील, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही. ओव्या संग्रहात आल्या तेव्हा गाणारीचे नाव, दळणाचा प्रहर, कोणाच्या ओवीला कोणी जोड दिली, हे किती ठिकाणी टिकले? संग्राहकाने काही मुद्दाम पुसले असे नव्हे. संग्रहाच्या रूपबंधात त्याला रकाना नव्हता.

आमच्या भागातील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, काहिलीतल्या रसावरची मळी काढल्याखेरीज गूळ होत नाही. गाळण्याशिवाय रूपांतर नाही, हे मान्यच आहे. पण मळी कोणती आणि रस कोणता हे गुळव्याचा डोळा ठरवतो आणि गूळ बिघडला तर लोक गुळव्याला विचारतात. मजकुराच्या रूपांतरात मात्र आपण काहिलीकडे बोट दाखवून मोकळे होतो.

उपाय शेवटी त्या बंदिस्त घाटातच सापडला. मॅन पानात चर्चेला जागा नाही हे खरे, पण ‘दोष’ नावाचे एक कलम आहे. आपल्या कामात काय चुकते, कोठे ते अपुरे पडते, हे वापरणाऱ्याला स्वतः कर्त्यानेच सांगावे, अशी ती रीत आहे. सैद्धान्तिक लेखनाला अशी सक्ती असती तर आपली समीक्षा किती वेगळी झाली असती! आपण दोष दाखवतो ते इतरांच्या सिद्धांतांतले. स्वतःच्या लक्षणाखाली ‘हे लक्षण येथे लागू पडत नाही’ असे ठरलेल्या जागी, ठरलेल्या मथळ्याखाली लिहिण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

विद्यार्थी आणि मी मिळून आता एकेक चर्चापान वाचून त्यातले न सुटलेले आक्षेप संबंधित नोंदीच्या ‘दोष’ या कलमात उतरवतो आहोत. हे काम यंत्राचे नाही. कोणता आक्षेप मिटला होता आणि कोणता केवळ अनुत्तरित राहिला होता, ते वाचूनच ठरवावे लागते. ‘लय’च्या पानावर आता बाईंचे दोन्ही मुद्दे त्यांच्याच शब्दांत आहेत. त्यांना उत्तर द्यायचा मोह मी आवरला; चार वाक्ये लिहून पुसली. १९७१ च्या मॅन्युअलमधले ‘मालक’ हे जुने कलमही आम्ही मुद्दाम परत आणले आहे आणि प्रत्येक पानावर त्यात दोघांचीही नावे घातली आहेत.

एक अडचण उरली आहे. ही पाने ज्या पडद्यावर वाचली जातात तो सारख्या रुंदीच्या घरांचा तक्ता आहे. एका घरात एक अक्षर ही त्याची मूळ कल्पना रोमी लिपीची. देवनागरीतील मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे त्यात अवघडून बसतात आणि मजकुराची उजवी कड सरळ येत नाही. विद्यार्थ्याने बरेच प्रयत्न केले. परवा तो म्हणाला, “सर, हे काही जमेना.” मी त्याला म्हटले, राहू दे, दोषांत लिहून ठेव.